नटीचें नांव



आपल्या मराठी भाषेंत 'नांव' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. मूल जन्मास आलें म्हणजे आपण त्याचें नांव ठेवतों, आणि कोणाचें वागणें पसंत पडलें नाहीं म्हणजे त्याला नांवें ठेवतों. मुलगा कर्ता निघाला तर त्यानें घराण्याचें नांव काढलें असें म्हणतों. बिघडला तर नांव घालविलें म्हणून हळहळतों. नवी सून उंबरठ्याशीं आली म्हणजे तिला अडवून 'नांव घे' असें म्हणतों. आणि जें नांव ती घेते तें तिचें स्वतःचें नसतें, नवऱ्याचें असतें. तिचें स्वतःचें म्हणून जें नांव माहेराहून आलेलें असतें तें तर पुष्कळ घरांत त्याच दिवशीं तांदळाच्या ताटांत पुसलें जातें, आणि त्याच तांदळांत अंगठीनें दुसरें लिहिलें जातें.

स्त्रीच्या नांवाची आपल्या समाजांत अशी देवघेव चालत आली. मग जिच्या नांवावर तिकिटें खपतात, जिचें नांव रस्त्यांतील भिंतींवर हात हात लांबीच्या अक्षरांनीं रंगवितात, त्या नटीच्या नांवाचें काय होत असेल? तें नांव कोणाचें? तिचें स्वतःचें, बापाचें, नवऱ्याचें, कीं कंपनीच्या मालकाचें? आज मी या एकाच प्रश्नाचा धागा धरून आपल्या नटींच्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे पाहणार आहें. त्यांतील कांहींजणींनीं आपली कला, आपला संसार आणि आपली कीर्ति यांविषयीं स्वतः लिहून किंवा सांगून ठेविलें आहे. त्यांच्याच शब्दांचा आधार घेणें मला अधिक योग्य वाटतें.

प्रारंभींच हें सांगितलें पाहिजे कीं, आपल्या प्रतिष्ठित नाटकमंडळ्यांत दीर्घ काळपर्यंत नटीच्या नांवाचा प्रश्नच उद्भवला नाहीं, कारण नटीच नव्हती. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. त्यांतील सीता पुरुषच होता. पुढें किर्लोस्करांची शकुंतला आली, देवलांची शारदा आली, त्याहि पुरुषच. 'स्त्रीपार्टी' हा नाटक कंपनींतील एक मानाचा हुद्दा होऊन बसला, आणि त्या हुद्द्याचें शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांना 'बालगंधर्व' हें नांव लोकमान्य टिळकांनीं दिलें असें सांगतात. त्यांचें नेसणें, त्यांचा अंबाडा, त्यांचें चालणें घरोघरच्या सुशिक्षित स्त्रियांनीं उचललें. पुरुषानें स्त्रीचें सोंग घ्यावें, आणि खऱ्या स्त्रियांनीं त्या सोंगाबरहुकूम व्हावें, असा तो विलक्षण काळ होता.

येथें एका प्रसंगाची आठवण होते. १९११ सालच्या मार्च महिन्यांत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीहि ते भामिनीच्या वेषांत रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीकत मराठी माणसानें पिढ्यान् पिढ्या गहिंवरून सांगितली आहे, आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु माझ्या मनांत एक शंका येते. असेंच एखाद्या आईनें केलें असतें तर? घरांत लेकरू गेलें असतां एखादी नटी तोंडाला रंग लावून प्रेक्षकांपुढें उभी राहिली असती, तर त्या हकीकतीची आपण गाथा केली असती कीं गाऱ्हाणें? कला तीच, कर्तव्य तेंच. परंतु पुरुषाला ज्या कृत्यानें नांव मिळतें त्याच कृत्यानें स्त्रीला नांवें ठेविलीं जातात. पुढील सारा इतिहास या एका भेदाभोंवतीं फिरतो.

स्त्रियांच्या नाटकमंडळ्या त्या काळीं मुळींच नव्हत्या असें नाहीं. त्या होत्या, आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाहि स्त्रियाच करीत. परंतु त्यांतील बहुतेक स्त्रिया कलावंतिणींच्या घराण्यांतल्या. त्यांचें गाणें ऐकावें, पण त्यांचें नांव घरांत काढूं नये, असा शिष्ट समाजाचा दंडक होता.

हीच वृत्ति चित्रपटाच्या आरंभीं दिसते. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार करावयास घेतला तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना स्त्री हवी होती. त्यांनीं पुष्कळ शोध केला. ज्या वस्तींत सभ्य गृहस्थ उघडपणें पाऊल टाकीत नाहीं तेथवर ते गेले. परंतु तेथूनहि नकारच आला. अखेर एका उपाहारगृहांत स्वयंपाकाचें काम करणारा साळुंके नांवाचा नाजूक बांध्याचा तरुण त्यांच्या नजरेस पडला, आणि १९१३ सालच्या मे महिन्यांत मुंबईच्या प्रेक्षकांनीं जी तारामती पाहिली ती हीच. याच साळुंक्यांनीं १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. या तारामतीला श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. ती आपणांस पुन्हा भेटणार आहे.

परंतु त्याच १९१३ सालीं एक मोठी गोष्ट फारसा गाजावाजा न होतां घडून गेली. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटांत पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनीं केली आणि मोहिनीची भूमिका त्यांच्या मुलीनें, कमलेनें. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या. मुलीला बरोबर घेऊन त्या फिरत्या नाटकमंडळींत काम करीत. ज्या काळीं नवऱ्यावांचून राहणाऱ्या स्त्रीला भांडीं घासणें किंवा भिक्षा मागणें याहून तिसरा मार्ग फारसा ठाऊक नव्हता, त्या काळीं या बाईनें तिसरा मार्ग धरिला. हिंदुस्थानच्या चित्रपटसृष्टींतील पहिल्या नटी म्हणून आज या मायलेकींचा उल्लेख होतो.

ही कमला पुढें कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्धीस आली. तरुण वयांतच तिला वैधव्य आलें. पदरीं मुलगे होते. आणि त्यांना तिनें रंगभूमीवरील आपल्या कमाईनेंच वाढविलें. तिच्या वृद्धापकाळीं, १९९१ च्या सुमारास, रीना मोहन यांनीं 'कमलाबाई' नांवाचा माहितीपट तयार केला. त्यांत नव्वदीच्या घरांतील ही बाई आपल्या जुन्या भूमिकांच्या आठवणींत रमलेली दिसते. कीर्तीचा ताठा नाहीं, दुःखाचें प्रदर्शन नाहीं. एखाद्या कुशल सुगरणीनें आपल्या हातच्या पदार्थांविषयीं बोलावें तसें तिचें बोलणें. तिचे पुत्र चंद्रकांत गोखले हे मराठी रंगभूमीचे मान्यवर नट झाले, आणि नातू विक्रम गोखले यांचें नांव तर घरोघरीं ठाऊक आहे. आपण या मंडळींना 'गोखले घराणें' म्हणतों. तें खरेंच आहे. पण या घराण्यांतील अभिनयाचा एक मूळ झरा शोधूं गेलें तर तो कामत नांवाच्या एका एकाकी स्त्रीपाशीं जाऊन पोंचतो. वंशवृक्ष बापाच्या बाजूनें काढण्याची आपल्याला इतकी संवय झाली आहे कीं, आईकडून आलेल्या वारशाला लिहावयास त्यांत जागाच उरत नाहीं.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा होता असें मात्र समजूं नये. बंगालच्या सार्वजनिक रंगभूमीवर स्त्रिया आपल्याहून पुष्कळ आधीं, १८७३ सालापासून, दिसूं लागल्या. त्यांतील विनोदिनी दासी या विख्यात नटीनें १९१२ सालीं 'आमार कथा' या नांवानें आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. त्यांतील एक हकीकत आपल्या आजच्या विषयाच्या अगदीं गाभ्याची आहे. १८८३ सालीं कलकत्त्यास एक नवें नाट्यगृह उभें राहावयाचें होतें. पैसा देणारा धनिक तयार होता. परंतु त्याची अट ही कीं, विनोदिनीनें त्याच्या आश्रयास यावें. सहकारी नटांनीं तिची मनधरणी केली. रंगभूमीसाठीं एवढें कर म्हणाले. आणि तिच्या नांवाचें आद्याक्षर त्या नाट्यगृहाला देऊं असें आश्वासन दिलें. तिनें मन घट्ट करून तें मान्य केलें. इमारत उभी राहिली. आणि नोंदणी झाली ती 'स्टार थिएटर' या नांवानें. वेश्येच्या पोटीं जन्मलेल्या स्त्रीचें नांव दारावर लावलें तर सभ्य लोक आंत कसे येणार, हा त्यामागील विचार. तिचें शरीर चाललें, तिचा अभिनय चालला, तिच्या नांवावर जमणारी गर्दी चालली. तिचें नांव तेवढें चाललें नाहीं! पुढें तीनचार वर्षांतच, ऐन उमेदीच्या वयांत, तिनें रंगभूमि कायमची सोडली. २०२४ सालच्या डिसेंबरांत बंगालच्या सरकारनें कलकत्त्याच्या स्टार थिएटरला विनोदिनीचें नांव देण्याचें जाहीर केलें. मूळची इमारत केव्हांच नाहींशी झाली होती. तेंच नांव पुढें चालविणाऱ्या दुसऱ्या जागेवरील नाट्यगृहाला हा मान मिळाला. वचन आणि त्याची पूर्तता यांत एकशें एकेचाळीस वर्षांचें अंतर पडलें.

आतां पुन्हा आपल्याकडे वळूं. १९३१ सालीं चित्रपट बोलूं लागला, आणि नटीच्या नांवाची किंमत एकाएकीं वाढली. मुंबईच्या लाड घराण्यांतील एक मुलगी, सेंट झेवियर कॉलेजांत शिकलेली, खोटे नांवाच्या श्रीमंत घरांत दिलेली. सासरची सांपत्तिक स्थिति ढांसळली. पदरीं दोन मुलगे. अशा वेळीं तिनें 'फरेबी जाल' या चित्रपटांत एक अगदीं लहानसें काम स्वीकारलें. चित्रपटाची तिला कसलीहि माहिती नव्हती. परंतु कंपनीला ती काय करते याच्याशीं कर्तव्य नव्हतें. ती कोण आहे याच्याशीं होतें. प्रख्यात लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर येत आहे, अशी जाहिरात झाली. चित्र भिकार निघालें, आणि टीकेचा सारा वर्षाव त्या दोन घराण्यांवर झाला. ही सून म्हणजे दुर्गा खोटे.

तिचें नांव तेथेंच कायमचें बुडालें असतें. परंतु कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम यांना आपल्या पहिल्या बोलपटासाठीं नायिका हवी होती. तो बोलपट म्हणजे १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा', कथा हरिश्चंद्राची, आणि भूमिका तारामतीची. जी तारामती एकोणीस वर्षांपूर्वीं कोणी स्त्री व्हावयास तयार नव्हती, म्हणून आचाऱ्याला व्हावें लागलें, ती तारामती आतां एका सुशिक्षित घरंदाज स्त्रीनें साकार केली. कालाचा केवढा पल्ला या एका भूमिकेंत सांठविला आहे!

त्या काळच्या कामाची कल्पना आजच्या श्रोत्यांना येणें कठीण. पार्श्वगायन अजून आलेलें नव्हतें. पडद्यावर जी गाते तिनें त्याच क्षणीं, त्याच ठिकाणीं, स्वतःच्या गळ्यानें गावयाचें. वादक चित्रणाच्या चौकटीबाहेर दडून बसलेले. सूर सांभाळावयाचा, चेहऱ्यावरचा भाव सांभाळावयाचा, आणि ध्वनिग्राहकापासून तोंड फिरूं द्यावयाचें नाहीं. शिवाय हें चित्र मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालें. म्हणजे तारामतीचें तेंच दुःख दोनदां, दोन भाषांत भोगावयाचें. हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा मुरलेला गायक-नट समोर. अभिनय ही अंगची देणगी आहे असें आपण सहज म्हणून जातों. पण ही देणगी कष्टानें कमवावी लागते, आणि त्या कष्टांचा मोबदला मागण्यांत लाज नाहीं, हा धडा दुर्गाबाईंच्या साऱ्या आयुष्यांतून मिळतो. स्टुडिओच्या पगारी नोकरींत बांधून घेण्याची सर्वत्र चाल असतां त्या कंपनीकंपनींतून स्वतंत्रपणें काम करीत राहिल्या. आज कोल्हापूर, उद्यां कलकत्ता, परवां मुंबई. १९३६ च्या 'अमरज्योति' चित्रपटांत तर त्या सूड घेणारी चांचेगिरीची राणी झाल्या. तारामती बाजारांत विकली जाते. ही राणी जहाजांना अडविते. चारच वर्षांतील हा प्रवास!

दुर्गाबाईंच्या उदाहरणानें सुशिक्षित स्त्रियांना हा मार्ग मोकळा झाला. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील स्त्रीभूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांच्यासारख्या गृहिणींनींच केल्या. तथापि मार्ग मोकळा झाला याचा अर्थ नांव मोकळें झालें असा नव्हे. १९३७ सालीं लीला चिटणीस 'जंटलमन डाकू' चित्रपटांत आल्या, तेव्हां जाहिरातींत त्यांच्या पदवीचीच नौबत वाजली: महाराष्ट्रांतील प्रतिष्ठित समाजाची पहिली पदवीधर स्त्री पडद्यावर! पूर्वीं घराणें विकलें जात होतें, आतां विद्या विकली जाऊं लागली. अभिनयाविषयीं जाहिरात मूकच.

या व्यवहाराचा उलगडा भरचौकांत करण्याचें धैर्य शांता आपटे हिनें दाखविलें. १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटांत जरठ नवऱ्याशीं संसार करण्यास ठाम नकार देणारी नीरा तिनें इतकी जिवंत केली कीं, लोक नटी आणि भूमिका यांतील अंतरच विसरून गेले. १९३९ सालीं करारावरून कंपनीशीं वाद झाला, तेव्हां ती पुण्यास प्रभात स्टुडिओच्या दाराशीं उपोषणास बसली. आपली नायिका फाटकाबाहेर बसली आहे हें दृश्य पाहून पुणेकर चकित झाले. दुसऱ्याच वर्षीं, १९४० सालीं, तिचें 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक निघालें. तरुण मुलामुलींना पडणाऱ्या त्या प्रश्नाचें उत्तर तिनें गोड आठवणींनीं दिलें नाहीं. या धंद्यांत पैसा कोठून येतो व कोठें जातो, मालक कोण व राबणारा कोण, कराराच्या कागदांत काय दडलेलें असतें, याचा तिनें रोखठोक विचार केला. नट ही मोहिनी आहे ही समजूत बाजूस सारून नट हा काम करणारा माणूस आहे, हें मराठींत एका तरुण नटीनें इतक्या आधीं सांगून ठेविलें आहे.

आतां मी अशा एका नटीकडे येतें कीं, जिच्या नांवाची गोष्ट दुर्गाबाईंच्या नेमकी उलट आहे. हिचें नांव रतन. घराणें सावंतवाडीकडील कलावंतांचें, घरची ओढगस्त. बारातेरा वर्षांची असतांना, १९३६ सालीं, 'विजयाचीं लग्नें' या चित्रपटांत तिला उभी केली. परंतु घरचें साळगांवकर हें आडनांव पडद्यावर नको, त्याला बट्टा लागेल, असें नातलगांना वाटलें. आणि म्हणून रतन साळगांवकर हिची हंसा वाडकर झाली. पाहा, श्रोतेहो: एकीच्या घराण्याचें नांव खपावें म्हणून मिरविलें, दुसरीच्या घराण्याचें नांव राखावें म्हणून झांकलें. दोन्ही ठिकाणीं मुलीला कोणीं विचारलें? आणि गंमत ही कीं, हंसाचें नांव नको असलेल्या घराला हंसाचा पगार मात्र हवा होता.

लहान वयांतच तिचें लग्न झालें. सिनेमा सोडावा, मुलाबाळांचें करावें, चारचौघींसारखें राहावें, ही तिची साधी इच्छा. परंतु जिच्या मिळकतीवर चूल पेटते तिला चुलीपाशीं बसूं कोण देणार? पडद्यावर १९४१ च्या 'संत सखू' मध्यें ती सासुरवास सोसणारी भाविक सून झाली. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' मध्यें तमाशांतील बया झाली, आणि तिच्या पायांतील चाळांनीं सारा महाराष्ट्र वेडा झाला. सखूचा शांत चेहरा आणि बयेचा ठसका एकाच स्त्रीचे असावेत, यांतच तिच्या कलेचें मोठेपण आहे. १९५९ सालीं 'सांगत्ये ऐका' आला, आणि पुण्यांत तो शंभराहून अधिक आठवडे चालला. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ रोज लोक रांगा लावून तिला पाहत होते. आणि ती स्वतः दारू, संशय आणि भांडणें यांच्या भोंवऱ्यांत बुडत चालली होती. घर सोडून ती एकदां एका परक्या गृहस्थाबरोबर मराठवाड्यांतील एका गांवीं गेली. तेथें तिला संसार मिळाला, पण घराबाहेर पडण्याची मोकळीक मिळाली नाहीं. जिचें चित्र गांवोगांव लागे ती नटी एका वाड्याच्या भिंतींआड कोंडली गेली. कीर्ति म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, याहून अधिक विदारक उदाहरण मला ठाऊक नाहीं.

हें सारें आपणांस ठाऊक कसें झालें? तिनेंच सांगितलें म्हणून. पत्रकार अरुण साधू यांच्यापाशीं ती बोलत गेली; तें आत्मकथन प्रथम 'माणूस' मधून आलें आणि १९७० सालीं त्याचें पुस्तक झालें. नांव, त्या गाजलेल्या चित्रपटाचेंच: 'सांगत्ये ऐका'. पुस्तकानंतर वर्षभरांत, १९७१ सालीं, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ती गेली. या पुस्तकांत ती दुसऱ्यांना दोष देते, पण स्वतःलाहि सोडीत नाहीं. दया कोणाकडे मागत नाहीं. आजवर लेखकानें लिहिलेलीं भाषणें मी बोललें. आतां माझें मी बोलतें, असा त्या पानांचा सूर आहे.

त्या नांवांतील क्रियापदाकडे श्रोत्यांनीं क्षणभर लक्ष द्यावें. 'सांगत्ये' हें रूप पुरुषाच्या तोंडीं येऊंच शकत नाहीं. बोलणारी स्त्री आहे आणि ती स्वतःविषयींच बोलत आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दांत बसल्या आहेत. आडनांव उसनें होतें, चित्रपटाचें नांव दुसऱ्याचें होतें. पण हें क्रियापद तिचें स्वतःचें झालें. पुढें १९७७ सालीं श्याम बेनेगल यांनीं या आत्मकथेवरून 'भूमिका' हा चित्रपट केला, आणि स्मिता पाटील यांना त्यासाठीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांतील नायिकेचें नांव मात्र उषा. आणि पडद्यावरचें उर्वशी. रतनची हंसा झाली होती, हंसेची आणखी कोणी झाली. मरणानंतरहि तिचें नांव बदलतच राहिलें.

१९७० नंतरच्या बारा वर्षांत या नटी एकामागून एक बोलूं लागल्या. १९७३ सालीं स्नेहप्रभा प्रधान यांचें 'स्नेहांकिता' आलें. १९८१ सालीं लीला चिटणीस यांचें 'चंदेरी दुनियेंत' आलें. आणि १९८२ सालीं दुर्गाबाईंचें पुस्तक आलें. दुर्गाबाई तेव्हां सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. १९६० च्या 'मुघल-ए-आझम' मधील जोधाबाई होऊन गेली होती. १९६८ सालीं पद्मश्री मिळाली होती. फाळक्यांच्या नांवाचा पुरस्कार पुढील वर्षीं, १९८३ सालीं, मिळावयाचा होता. त्यांनीं पुस्तकाला अलंकारिक नांव शोधलें नाहीं. त्यांनीं लिहिलें: 'मी, दुर्गा खोटे'. एवढेंच. न्यायालयांत साक्षीदारानें उभें राहून आपलें नांव सांगावें तसें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या नांवाची दुसऱ्यांनीं जाहिरात केली, ज्या नांवाला लोकांनीं नांवें ठेविलीं, तेंच नांव आतां त्यांनीं स्वतःच्या हातानें, 'मी' हा शब्द आधीं घालून, लिहिलें. आडनांव सासरचेंच होतें. पण तें आतां खोट्यांच्या सुनेचें राहिलें नव्हतें. उलट, खोटे हें आडनांव महाराष्ट्राला ठाऊक झालें तें दुर्गाबाईंमुळें.

हंसाची कथा जळती आहे, दुर्गाबाईंची संयमी आहे. एकीला घराचा आधार होता, विद्या होती, नाहीं म्हणण्याची शक्ति होती. दुसरीला यांतलें कांहींच नव्हतें. नांव हंसालाहि मिळालें. पण त्या नांवाबरोबर पैसा, निर्णय आणि विश्रांति यांवरचा हक्क मिळाला नाहीं. म्हणून मला वाटतें, नटीला किती प्रसिद्धि मिळाली हा प्रश्न आपण फार विचारतों, आणि त्या प्रसिद्धीची मालकी कोणाकडे होती हा प्रश्न फार थोडा. या आत्मकथा वाचतांना हा दुसरा प्रश्न मनांत धरून वाचाव्या. मग त्यांतील पडद्यामागच्या गप्पा गळून पडतात आणि एका कष्टकरी स्त्रीचा हिशेब समोर उरतो.

शेवटीं एक समाधानाची गोष्ट सांगून हें भाषण संपवितें. १९३१ सालीं ज्या खोटे घराच्या सुनेनें पडद्यावर पाऊल ठेविलें म्हणून गहजब झाला, त्याच घरांत पुढल्या पिढींत आणखी एक सून आली. ती नटी होती, दिग्दर्शिका होती; १९६० सालीं 'रंगायन' संस्था उभारण्यांत ती पुढें होती. विजया खोटे म्हणून ती प्रथम गाजली, पुढें विजया मेहता म्हणून. त्यांचें 'झिम्मा' हें आत्मकथन २०१२ सालीं आलें. या सुनेला नाटकांत जाण्यासाठीं कोणाचें नांव झांकावें लागलें नाहीं. ज्या वाटेवर एकीचे पाय रक्ताळले, त्या वाटेवर दुसरी सहज चालून गेली.

आपण सुनेला उंबरठ्यावर अडवून 'नांव घे' म्हणतों. हा गोड रिवाज मोडावा असें मी म्हणत नाहीं. पण तिनें नवऱ्याचें नांव घेतल्यावर एखाद्या मायाळू सासूनें हळूच म्हणावें, 'आतां तुझें सांग, बाई.' आणि ती सांगूं लागली म्हणजे आपण सर्वांनीं स्वस्थपणें ऐकावें.